एकतीस अणू

भोयरसाहेबांनी कागद चौथ्यांदा वाचला, पेनाचं टोपण काढलं, पेन सहीच्या जागेपर्यंत नेलं, आणि टोपण पुन्हा लावून टाकलं.

"मॅडम," ते म्हणाले, "इथं तारखेत आधी महिना आणि मग दिवस लिहिला आहे."

"बरं. बदलते."

"उलटं पाहिजे नं."

"बदलते म्हटलं नं, भोयरसाहेब! तारीख सोडून बाकी सगळं बरोबर आहे?"

"बाकी सगळं बरोबर आहे."

"मग सही करा. तारीख मी हातानं दुरुस्त करते, तुम्ही शेजारी आद्याक्षरं घाला."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "नवीन काढून आणा. खाडाखोड बरी नाही दिसत."

मे महिना होता, नागपूर होतं आणि दुपारचे साडेबारा वाजले होते. आमचा विभाग आणि छापायचं यंत्र असलेली इमारत यांच्यामध्ये एक उघडं मैदान होतं. तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी ते ओलांडलं, नवीन कागद काढला आणि परत आले. भोयरसाहेब जेवायला गेले होते.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. पण कुणी कागद वाचता वाचता पेनाला टोपण लावलं, की अजूनही माझं डोकं फिरतं.

आमच्या विद्यापीठाच्या त्या लहानशा विभागानं एक डबी बनवली होती. जेवणाच्या डब्याएवढीच; तिला चार खिडक्या होत्या, आणि ती एका उपग्रहावर बसून पाच वर्षांपूर्वी वर गेली होती. उपग्रह स्वतःभोवती फिरायचा, त्यामुळे चारही खिडक्या आळीपाळीनं सगळ्या दिशांना पाहायच्या. कुठल्या दिशेनं किती वेगवान कण आले, हे डबी मोजायची. खिडकीला काच नव्हती. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा धातूचा पत्रा होता. ऊन त्याला अडायचं, वेगवान कण त्यातून आरपार जायचे. दामोदर भोयर हे त्या डबीचे अभियंते. तिचा एकेक स्क्रू त्यांच्या हातचा. मी वैजयंती देवतळे, वय तेहतीस, आकड्यांचा अर्थ लावणारी. विभागप्रमुख होते डॉ. चांदेकर. कुठलाही निष्कर्ष बाहेर पाठवायचा तर 'उपकरण ठीक आहे' असं प्रमाणपत्र लागे, आणि त्यावर अभियंत्याची सही लागे. हा नियम चांदेकर सरांचाच.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी सकाळी अकरा वीसला सूर्यावर प्रचंड मोठा स्फोट झाला. असं झालं की तिथून विद्युतभारित कणांचा लोंढा सुटतो. पण तो सरळ येत नाही. अवकाशातल्या चुंबकीय रेषा त्याला धरून ठेवतात आणि आडव्यातिडव्या वाटांनी फिरवत आणतात. तो लोंढा त्या दिवशी दुपारी चारनंतर आला, आणि आला तो चहूबाजूंनी. यात नवीन काही नव्हतं.

नवीन होतं ते त्याच्या आधीचं. एक वाजून पाच मिनिटांपासून अडीच वाजेपर्यंत डबीत कणांची एक झुळूक येऊन गेली होती, आणि ती नेमकी सूर्याच्या दिशेनं, सरळ रेषेत. आधी वेगवान कण, मग त्यांच्याहून सावकाश, मग आणखी सावकाश. प्रत्येकाचा वेग धरून मी मागे हिशेब केला, तर सगळे एकाच वेळी निघालेले दिसत होते. स्फोटाच्या वेळी.

सरळ रेषेत येतो त्याला चुंबकाची पकड नसते, म्हणजे त्याच्यावर भार नसतो. सूर्याजवळून सुटताना एखाद्या प्रोटॉनला वाटेत इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघांचा मिळून हायड्रोजनचा अख्खा अणू होतो. मग त्याला कुणी अडवत नाही. एस.टी. गावोगावी वळसे घेत येते आणि शेतांमधून सरळ चालत निघालेला माणूस तिच्या आधी पोचतो, तसा तो लोंढ्याच्या आधी पोचतो. आमच्या पत्र्यातून शिरताना त्याचा इलेक्ट्रॉन गळून पडे आणि डबी त्याला साधा प्रोटॉन म्हणूनच मोजे. तो अणू होता हे दिशा आणि वेळ यांवरूनच ओळखायचं. सूर्याच्या स्फोटातून निघालेले असे अणू आपल्या डबीत सापडतील, असं आमच्या विभागात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि ते मला सापडलेही नसते. आकडे जमिनीवर आले की एक प्रोग्रॅम त्यांची साफसफाई करी. त्या दिवशी मी उत्साहाच्या भरात कच्चे आकडे आणि साफ केलेले आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर बेरीज जुळेना. प्रोग्रॅम उघडला. त्यात एक ओळ होती: सूर्याच्या दिशेनं आलेलं सगळं वगळा. शेजारी 'दा. भो.' अशी आद्याक्षरं, आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. काहीतरी जुनी खबरदारी असेल, आता तिची गरज नाही, असं समजून मी ती ओळ काढली, आणि झुळूक दिसली.

झुळूकच नाही, आणखी एक गोष्ट दिसली. सूर्याच्या दिशेनं एक मंद, अखंड प्रवाह दिसला, स्फोटाच्या आधीही आणि नंतरही. तो पाहून मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. कारण तो माझाच शोध होता. तीन वर्षांपूर्वी मी त्यावर निबंध लिहिला होता, 'शांत सूर्याकडून येणारा मंद प्रवाह'. त्या निबंधानं माझं नाव झालं होतं. परदेशातून पत्रं आली होती. वीस जूनला प्रपाठक पदासाठी माझी मुलाखत होती ती त्याच्याच जोरावर. नंतर तो प्रवाह पुन्हा दिसला नाही तेव्हा सूर्याची अवस्था बदलली असेल असं मी धरून चालले होते. आता तो परत आला होता, आणि त्याच्या पाठीवर बसून ही झुळूक.

नव्या निबंधाची मुदत एकतीस मे होती. अडली होती एका सहीवर.

भोयरसाहेब नाही कधीच म्हणाले नाहीत. ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते म्हणायचे, "एक तेवढं तपासून पाहा नं."

"उन्हाचा कवडसा आत शिरला असेल तर?" हे पहिलं.

"भोयरसाहेब, उजेड आठ मिनिटांत पोचतो. ही झुळूक पावणेदोन तासांनी आली."

"हे मात्र बरोबर आहे."

"मग?"

"पण उपग्रहाचं घड्याळ पाहा नं. मागं-पुढं झालं असेल."

घड्याळ तपासायला चार दिवस गेले. अचूक होतं. मग त्यांना डबीतला हीटर आणि तिचं तापमान आठवलं. ते ठीक निघालं. मग विजेचा दाब. मग उपग्रहाच्या फिरण्याचा वेग. मग म्हणाले, मागच्या मार्चमध्ये एक लहान स्फोट झाला होता, त्या दिवशी काय दिसलं ते पाहा. पाहिलं. लहान स्फोटाला काहीच दिसलं नव्हतं, जसं अपेक्षित होतं तसंच. दर वेळी मी कागद घेऊन जायची, ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक आकडा बोटानं वाचायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तुमचं काम चोख असते मॅडम. यात वादच नाही." आणि पेनाला टोपण.

मी चांदेकर सरांकडे गेले.

"सर, त्यांना तुम्ही सांगा. महिना होत आला. ते सगळं मान्य करतात आणि सही करत नाहीत. हा काय प्रकार आहे?"

"पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत ते," सर म्हणाले. "निवृत्तीच्या आधी माणूस सह्यांना भितो. जरा गोडीनं घ्या."

"आणखी किती गोडीनं घेऊ? परवा त्यांनी मला पानाचे आकडे खाली हवेत की वर, यावरून परत पाठवलं!"

"मग? खाली घातले?"

"घातले."

"मग करतील," असं म्हणून सरांनी फोन उचलला.

सव्वीस मेला मी अकरा तपासण्यांचे अकरा कागद एकत्र टाचले आणि भोयरसाहेबांच्या प्रयोगशाळेत गेले. दुपारचे तीन वाजले होते. कूलरचा पंप बंद पडला होता आणि तो नुसती गरम हवा फेकत होता. भोयरसाहेब बनियनवर बसले होते. मला पाहून त्यांनी घाईनं सदरा चढवला.

"अकरा," मी गठ्ठा टेबलावर आपटला. "बारावी तपासणी तुम्ही सुचवायच्या आत मीच सुचवते. चारही खिडक्यांचे आकडे वेगवेगळे द्या. आतापर्यंत आपण बेरीजच पाहिली. खिडकीनिहाय फाइल तुमच्या संगणकावर आहे. ती द्या, मी आज बसून पाहते, आणि उद्या सकाळी तुम्ही सही करा."

"त्याची काही गरज नाही," भोयरसाहेब म्हणाले.

महिनाभर या माणसानं मला तपासण्यांमागे पळवलं होतं. तारखेचा क्रम, पानाचा आकडा, घड्याळ, हीटर. आणि मी स्वतःहून एक मागितली तर म्हणे गरज नाही.

"का नाही?"

"बेरजेत सगळं येऊनच जाते नं."

"भोयरसाहेब, फाइल द्या."

"जुन्या पद्धतीची आहे. तुमच्याकडे उघडणार नाही."

"मग इथंच उघडते. उठा, मला खुर्ची द्या."

ते उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला.

"चार नंबरची खिडकी," ते म्हणाले. "तिला भोक आहे."

"काय?"

"सुईच्या टोकाएवढं. त्याहून लहान. डबी पाठवायच्या आदल्या दिवशी पत्रा बसवून राहिलो होतो, चिमट्याचं टोक लागलं. डोळ्याला दिसत नव्हतं. दिव्यासमोर धरलं तर चांदणीसारखं दिसलं. दुसरा पत्रा नव्हता. मागवला असता तर तीन महिने लागले असते, आणि उपग्रह थांबला नसता. मी वहीत 'चारही ठीक' लिहिलं."

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे ती खिडकी सूर्यासमोर आली की—"

"उजेड शिरते आत. डबीले वाटते कण आला. दर वेळी थोडा थोडा. दिवसभर, रोज."

मंद आणि अखंड. सूर्याच्या दिशेनं. स्फोट असो वा नसो.

मी खाली बसले. स्टूल होतं की पेटी होती, आठवत नाही.

"माझा पेपर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"तीन वर्षं! तुम्हाला माहीत होतं?"

"छापून आला त्या दिवशी समजलं. त्याच्या प्रमाणपत्रावर सही केली तेव्हा तुम्ही कशावर काम करून राहिल्या ते मला माहीत नव्हतं. आकृती पाहिली आणि ओळखलं. हे तर माझं भोक आहे." ते थांबले. "तुम्ही पेढे वाटत होत्या. माझ्याजवळ आल्या, दोन घ्या म्हणाल्या, डबी तुमची आहे. मी खाल्ले पेढे. आता सांगू, मग सांगू, असं करता करता सहा दिवस गेले. सातव्या दिवशी प्रोग्रॅममध्ये ती ओळ टाकली. पुढं तरी काही चुकीचं निघू नये म्हणून."

"आणि त्या ओळीनं खरं तेही वगळलं! मी ती काढली नसती तर झुळूक कुणाला दिसलीच नसती! तुम्हाला समजतं का तुम्ही काय केलं ते? महिनाभर मला उन्हात धावडवलं. हीटर पाहा, घड्याळ पाहा! एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला. एक!"

"तेच तोंडातून निघत नव्हतं, मॅडम."

मी आणखी बरंच बोलले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते, आणि मी जे बोलले ते वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलू नये. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी फाइल एका चकतीवर घेऊन माझ्यासमोर ठेवली. मी ती उचलली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी खिडकी बाजूला ठेवून मी पहिल्या तिघींचे आकडे काढले. झुळूकही गेली असती तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. नेहमी तेवढ्या वेळात त्या दिशेनं या तीन खिडक्यांत मिळून सुमारे दोन कण येत. त्या दुपारी एकतीस आले होते. ओळीनं, आधी वेगवान मग सावकाश, सगळे स्फोटाच्या वेळी निघालेले. मागचा मंद प्रवाह मात्र पार पुसला गेला होता. तिन्ही खिडक्यांत त्याचा मागमूस नव्हता.

शोध खरा होता आणि माझा जुना शोध खोटा होता, आणि दोन्ही एकाच कागदावर होते.

इथून पुढचे तीन दिवस मला सांगायला आवडत नाहीत. मी आजारी असल्याचं कळवून घरी राहिले. मनात रोज नवीन युक्तिवाद तयार होत होते. चारही खिडक्या धरल्या तर आकडा एकशे एकोणीस होता, एकतीस नव्हे. झुळूक तर खरीच होती, मग तिच्यासोबत प्रवाहही राहिला तर कुणाचं काय बिघडतं? वीस तारखेची मुलाखत होऊन जाऊ दे. मग सावकाश, वर्षभरानं, एखादी लहानशी दुरुस्ती छापू. मी सरांना घरून फोन केला आणि खिडक्यांचं कारण न सांगता विचारलं, आकडा तीन खिडक्यांचा द्यावा की चारही? ते म्हणाले, "चार असताना तीन का द्यायच्या? एकशे एकोणीस भरघोस दिसतात." मला हेच ऐकायचं होतं, म्हणूनच मी कारण सांगितलं नव्हतं.

तीस मेला सकाळी विभागात गेले तर भोयरसाहेब माझ्या खोलीबाहेर उभे होते. हातात प्रमाणपत्र. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

सही केली होती. खाली तारीख, आधी दिवस मग महिना. आणि वर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात: चारही खिडक्या तपासल्या, ठीक आहेत.

"हे काय?" मी विचारलं.

"तुम्हाला पाहिजे होतं नं. उद्या मुदत आहे." ते जमिनीकडे पाहत होते. "माझ्यामुळं तुमचं नुकसान नको व्हायला. मुलाखत आहे. मी पुढच्या वर्षी घरी जातो, मग कोण विचारते? मी कुठं बोलणार नाही."

महिनाभर ज्या सहीसाठी मी त्या मैदानातून वाऱ्या केल्या, ती सही माझ्या हातात होती, आणि मला प्रचंड संताप आला. हा माणूस सही करत नव्हता तेव्हा त्यानं मला छळलं, आणि आता सही करून त्याहून जास्त छळत होता. कारण माझ्या मनात तीन दिवस जे चाललं होतं, ते त्यानं सरळ कागदावर लिहून आणलं होतं. ते तसं लिहिलेलं वाचायला फार वाईट दिसत होतं.

"भोयरसाहेब, आत या," मी म्हटलं. "बसा."

मी कागदाचे दोन तुकडे केले. ते दचकून उठले.

"मॅडम! महिनाभर तर मागत होत्या!"

"बसा म्हटलं नं!"

ते बसले. मी लेटरपॅड पुढे ओढलं आणि त्यांच्यासमोर पत्र लिहायला घेतलं. नियतकालिकाच्या संपादकांना. माझ्या अमुक अंकातल्या निबंधातला निष्कर्ष उपकरणातल्या दोषामुळे चुकीचा आहे, तो मी मागे घेत आहे. लांब नव्हतं, सहा ओळींचं होतं. पण लिहिताना दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर सही केली आणि पत्र त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी बोटानं एकेक ओळ वाचली. बराच वेळ लागला.

"तुमची मुलाखत?" त्यांनी विचारलं.

"ते माझं मी पाहीन. आता तुमचं. हा कोरा फॉर्म. तीन खिडक्या ठीक, चौथीला भोक, कसं पडलं, कधी पडलं, सगळं लिहा. आणि मला तारखेच्या क्रमाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पेन कागदावर नेलं आणि थांबले. मला वाटलं, आता पुन्हा टोपण लावणार, आणि लावलं तर मी काय करीन ते मला माहीत नव्हतं.

"चिमटा लिहू की माझा हात लिहू?" त्यांनी विचारलं.

"जे खरं आहे ते लिहा."

"चिमटा तर माझ्याच हातात होता," असं स्वतःशी म्हणत त्यांनी लिहायला सुरुवात केली. पानभर लिहिलं. सही केली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले आणि म्हणाले, "पंखा लावा जरा."

पंखा चालूच होता.

चांदेकर सरांनी दोन्ही कागद वाचून आधी दार लावून घेतलं. "तुम्हा दोघांना काय वेड लागलं आहे का?" ते म्हणाले. "विभागाचं एकच नाव घेण्यासारखं काम होतं, ते यांनी बुडवलं आणि तुम्ही माती लोटली! एकतीस! एकतीस कण घेऊन जगापुढे जायचं?"

"कण नाही सर, अणू," मी म्हटलं.

"आणि नियम तुमचाच आहे सर," भोयरसाहेब म्हणाले. "अभियंत्यानं खरं लिहून सही करायची."

सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना, आणि ती काही हसण्याची वेळ नव्हती. पण निबंध एकतीस मेला गेला. सरांनीच तो पाठवला. पाठवताना मुख्य वाक्य त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला. "तुमच्या अर्जातला मुख्य निबंध तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी मागे घेतला आहे?"

"हो."

"मग आम्ही कशाचा विचार करायचा?"

मी नव्या कामाबद्दल सांगितलं. ते अजून छापलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते मोजता येत नव्हतं. पद दुसऱ्यांना मिळालं. मला ते मिळायला पुढे चार वर्षं लागली. भोयरसाहेबांना ठपक्याचं पत्र मिळालं, त्याची प्रत त्यांनी घरी देवघराशेजारच्या खणात ठेवल्याचं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी विभागानं साधा चहाही ठेवला नाही. मी आणि त्यांनी कँटीनमध्ये बसून पोहे खाल्ले.

निबंध त्यांच्या निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी छापून आला. नावं दोन होती: वै. देवतळे, दा. भोयर. त्यांचं नाव छापून येण्याची ती पहिलीच वेळ होती. एक अंक मी त्यांच्या घरी पाठवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी माझ्या टेबलावर त्याच अंकाची आणखी एक प्रत कौतुकानं चाळत होते, तर भोयरसाहेब दारात. स्कूटरवरून आले होते, डोक्याला रुमाल, काखेत अंक.

"या या!" मी उठले. "पाहिलं का नाव? कसं वाटतं?"

"नाव पाहिलं," ते म्हणाले. "मॅडम, तिसरा तक्ता पाहा."

"भोयरसाहेब, बसा तरी. पाणी घ्या."

"तिसरा तक्ता. नेहमी येणारे कण. दोन पूर्णांक एक पाहिजे. शून्य पूर्णांक एकवीस छापलं आहे."

मी पाहिलं. टिंब एक घर सरकलं होतं. मुद्रितं मी तपासली होती, म्हणजे चूक माझीच होती. त्या सरकलेल्या टिंबामुळे आमचे एकतीस अणू होते त्याहून दहापट जबरदस्त दिसत होते.

"तक्ते कोण वाचतं?" मी म्हटलं. "आत मजकुरात बरोबर आहे. आणि चूक आपल्याला नुकसानीची तर नाही."

"फायद्याची आहे, म्हणून तर घाई केली," भोयरसाहेब म्हणाले. "काल संध्याकाळी सापडलं. रात्री झोप नाही लागली. दहाला तुमचं ऑफिस उघडते, नाहीतर आधीच आलो असतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं, अंकाकडे पाहिलं. एक दिवस. निदान एक दिवस तरी या माणसानं मला आनंदात राहू द्यायला हवं होतं.

"बसा," मी म्हटलं, आणि लेटरपॅड ओढलं.

ते समोर बसले, खिशातून पेन काढलं, आणि मी पत्र लिहून होईपर्यंत टोपण काढून ते हातात धरून बसले.